वाचक विचारतात : चंद्रावरून परतणारी खोली

मागील अंकातील चांद्रमोहिमांवरच्या लेखात अपोलो यानाच्या आदेशकक्षाविषयी एकच वाक्य होते : ‘तीन अंतराळवीर ज्या शंकूत बसून गेले, त्याच शंकूत बसून परत आले.’ या एका वाक्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागले. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे न छापता गावे तेवढी दिली आहेत.

ज्यांनी मागील अंक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो यानाचे तीन भाग असत. माणसे बसत तो शंकूच्या आकाराचा आदेशकक्ष, म्हणजे कमांड मोड्यूल. त्याच्या पाठीला जोडलेला इंजिन, इंधन, प्राणवायू आणि वीज पुरवणारा नळकांड्यासारखा सेवाकक्ष, म्हणजे सर्व्हिस मोड्यूल. आणि फक्त चंद्रावर उतरण्यासाठी व तेथून वर येण्यासाठी असलेले चांद्रयान, म्हणजे लूनर मोड्यूल. या तिघांपैकी पृथ्वीवर परत येई तो केवळ पहिला.

तीन माणसे आठ-आठ दिवस त्या शंकूत राहत होती, म्हणजे नेमकी किती जागेत राहत होती? झोपणे, जेवण आणि नैसर्गिक विधी यांची सोय काय होती? मुले विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.
— प्राथमिक शिक्षिका, वाई

आपल्या विद्यार्थ्यांना आकडा सांगण्यापेक्षा एक खडू आणि सुतळी द्यावी. साताऱ्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी हाच प्रयोग केला होता. आदेशकक्षाच्या तळाचा व्यास सुमारे ३.९ मीटर होता, म्हणून १.९५ मीटर सुतळी घेऊन वर्गाच्या फरशीवर वर्तुळ काढले आणि सातवीच्या तीन मुलांना त्यात शेजारी शेजारी उताणे झोपवले. वर्तुळ पाहून मुलांना जागा ऐसपैस वाटली. मग त्यांना सांगितले, की भिंती या वर्तुळावर सरळ उभ्या नाहीत, त्या आत झुकत साडेतीन मीटरच्या आतच एका टोकाला जातात. शिवाय भिंतींच्या आतल्या अंगाला सगळीकडे यंत्रांची कपाटे आहेत. ती वजा जाता माणसांना वापरता येणारी जागा उरत होती सुमारे सहा घनमीटर. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, म्हणजे ज्यात ताठ उभेही राहता येणार नाही, अशी खोली डोळ्यांसमोर आणावी. वर्तुळात पडलेल्या मुलांपैकी एक जण म्हणाला, “म्हणजे वडापच की!” पाटणच्या रस्त्यावर वडापच्या जीपमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना या उपमेपेक्षा अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही. फरक इतकाच, की वजनरहित अवस्थेत छतालगतची जागाही वापरात येते, आणि त्यामुळे ही खोली जमिनीवर वाटते तितकी अडचणीची अवकाशात वाटत नव्हती, असे अंतराळवीरांनीच सांगून ठेवले आहे.

उड्डाणाच्या वेळी तिघेही तीन कोचांवर पाठीवर पडून असत. नंतर मधला कोच दुमडून ठेवला, की खालच्या बाजूच्या उपकरणकक्षात उतरायला वाट होई. झोपण्यासाठी डाव्या आणि उजव्या कोचाखाली जाळीदार पिशव्या ताणून बांधलेल्या असत, कारण बांधून घेतले नाही तर झोपलेला माणूस तरंगत जाऊन एखाद्या बटणावर आदळायचा. जेवण बहुतांशी पाणी काढून टाकलेले, पाकिटबंद असे. पाकिटात पाणी सोडायचे, काही मिनिटे मळत राहायचे आणि खायचे. नळाला गरम आणि थंड असे दोन्ही पाणी होते, ही त्या काळातील मोठी चैन होती.

हे पाणी पृथ्वीवरून भरून नेलेले नव्हते. सेवाकक्षातील तीन इंधनघटांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन वीज तयार होई आणि त्याच क्रियेत उपपदार्थ म्हणून पाणी मिळे. वीजघरातून निघालेले सांडपाणीच पिण्याचे पाणी, इतका काटकसरीचा हा संसार होता. त्यात एक खोट राहिली : पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे मिसळलेले येत. वजनरहित अवस्थेत बुडबुडा वर जात नाही, कारण ‘वर’ असे काही नसतेच. त्यामुळे सारा वायू पोटात जाई आणि बंद खोलीत त्याचे जे परिणाम व्हायचे ते होत.

नैसर्गिक विधींसाठी स्वतंत्र जागा किंवा आडपडदा काहीही नव्हता. लघवी नळीवाटे यानाबाहेर सोडली जाई आणि बाहेर पडताच गोठून तिचे सूर्यप्रकाशात चमकणारे कण होत. शौचासाठी चिकटपट्टी असलेली प्लास्टिकची पिशवी वापरायची, त्यात जंतुनाशक घालून ती हाताने मळायची आणि गुंडाळून कपाटात ठेवून द्यायची. मुलांना हे जरूर सांगावे. ती हसतील आणि कायमचे लक्षात ठेवतील.

एवढे प्रचंड रॉकेट पाठवायचे आणि परत आणायचा फक्त एक शंकू, ही उधळपट्टी नाही का? निदान इंजिनासह संपूर्ण यान परत का आणले नाही?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

आपला प्रश्न या साऱ्या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सॅटर्न-५ रॉकेट यानासह जमिनीवर उभे असताना सुमारे १११ मीटर उंच असे आणि त्याचे वजन २,९०० टनांच्या घरात भरे. त्यातून समुद्रात परत पडत होते ते पाच टनांच्या आसपास. पहिल्या दृष्टीला ही उधळपट्टीच वाटते. परंतु पृथ्वीच्या वातावरणात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला आच सोसणारे कवच लागते, त्या कवचाला वजन असते, ते वजन चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीकडे ढकलायला जादा इंधन लागते, ते इंधन चंद्रापर्यंत न्यायला आणखी इंधन लागते, आणि ही साखळी उलटी चालत थेट पहिल्या टप्प्याच्या टाकीपर्यंत पोहोचते. इंधनाने भरलेला सेवाकक्ष एकटाच साधारण २४ टनांचा होता. त्याला कवच चढवून खाली आणायचे ठरले असते, तर सॅटर्न-५ सुद्धा अपुरे पडले असते. म्हणून नियम असा केला गेला, की ज्याचे काम संपले ते मागे टाकायचे आणि ज्यात माणूस आहे तेवढेच कवचात घालायचे.

हा विचार सुरुवातीपासून इतका स्पष्ट नव्हता. प्रारंभी हेच यान चंद्रावर उतरवून तेथून थेट परत आणण्याची एक योजना होती. जॉन हूबोल्ट या अभियंत्याने चंद्राभोवतीच्या कक्षेत दोन यानांची भेट घडवण्याचा पर्याय चिकाटीने मांडला आणि १९६२ मध्ये नासाने तो स्वीकारला. जुन्या योजनेची एक खूण मात्र शेवटपर्यंत उरली : सेवाकक्षाचे मुख्य इंजिन. सुमारे ९१ किलोन्यूटन जोराचे हे इंजिन चंद्राच्या पृष्ठभागावरून संपूर्ण यान उचलण्याच्या हिशेबाने योजलेले होते, आणि योजना बदलल्यावर ते गरजेपेक्षा दांडगे ठरले. या इंजिनातील इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांना भेटताच आपोआप पेटत असत. ठिणगीची गरज नाही, म्हणून ठिणगीची यंत्रणा बिघडण्याचाही प्रश्न नाही. चंद्राच्या मागच्या बाजूला, पृथ्वीशी संपर्क तुटलेला असताना हे इंजिन पेटले नाही, तर परतीचा दुसरा मार्ग नव्हता. अशा जागी दांडगे इंजिन असण्याला माझी तरी हरकत नाही.

माझ्या मते हे यान समजून घ्यायचे, तर शेवटून सुरुवात केली पाहिजे. राहण्यासाठी घर बांधायचे असते, तर कोणी ते शंकूच्या आकाराचे बांधले नसते. काम करण्यासाठी बांधायचे असते, तर इतके लहान बांधले नसते. आठ दिवसांचे राहणे आणि काम करणे हे परतीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी घडवलेल्या खोलीत उरकायचे होते. रशियन अभियंत्यांनी सोयुझमध्ये याच पेचातून दुसरी वाट काढली : राहण्याची गोल खोली वेगळी, परतण्याची घंटेसारखी खोली वेगळी, आणि परतताना राहण्याची खोली सोडून द्यायची. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले ते याच रचनेच्या यानातून. वजनाच्या हिशेबाने मला सोयुझची वाट अधिक चतुर वाटते, परंतु अपोलोच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की जाताना दोन-तीन दिवस चांद्रयान हीच त्यांची जोडखोली होती.

लोखंड वितळेल अशा आचेत आतली माणसे शाबूत कशी राहत? कवच कशाचे होते?
— हळदीचे व्यापारी, सांगली

प्रथम आच किती, ते आपल्या ओळखीच्या मापात पाहू. चंद्रावरून परतणारे यान वातावरणात शिरते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर असतो. साडेपाच टनांच्या वस्तूला या वेगाने जी गतिज ऊर्जा असते, ती विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे ९२ हजार युनिट भरते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ती ७७ वर्षे पुरेल. ही सारी ऊर्जा काही मिनिटांत कोठेतरी घालवायची असते.

ती घालवण्याचे पहिले काम आकार करतो. टोकदार वस्तू हवेत सुरळीत शिरते, हे खरे. पण मग तापलेली हवा तिच्या अंगाला चिकटून राहते. बोथट, रुंद तळ पुढे करून वस्तू शिरली, तर तिच्यापुढे हवेचा दाबलेला धक्का-तरंग थोड्या अंतरावर उभा राहतो आणि बहुतेक उष्णता हवेतच निर्माण होऊन हवेबरोबरच बाजूने निघून जाते. नासाच्या पूर्वीच्या नाका या संस्थेतील हॅरी ज्युलियन ॲलन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिले. शंकू उलटा, म्हणजे तळ पुढे आणि टोक मागे असा येत होता, त्याचे कारण हेच.

तरीही कवचापर्यंत येणारी आच सुमारे २,७०० अंश सेल्सिअसची असे. त्यासाठी ॲव्हकोट नावाचा पदार्थ वापरला होता. तो उष्णता अडवत नाही, तर स्वतः जळून घेऊन जातो. चुलीत घातलेले जाड ओंडके आठवावे : बाहेरून कोळसा झालेला असतो, आणि अर्धवट जळालेला ओंडका फोडला तर गाभा कोरडा, हाताला सोसेल इतका असतो. ॲव्हकोटचा वरचा थर असाच कोळसत जाई. आतून सुटणारे वायू बाहेर पडताना, माठाच्या पाझरणाऱ्या पाण्याप्रमाणे, आपल्याबरोबर उष्णता घेऊन जात, आणि कोळसा झालेला थर खालच्या थराचे रक्षण करीत झिजत राही.

हे कवच चढवण्याची रीत पाहिली, की अंतराळयुगाबद्दलच्या आपल्या कल्पना थोड्या बदलतात. काचतंतूची मधाच्या पोळ्यासारखी जाळी यानाला सर्वत्र चिकटवलेली असे. तिच्या तीन लाखांहून अधिक घरांपैकी प्रत्येक घर कामगार हातातल्या पिचकारीसारख्या साधनाने एकेक करून भरत. नंतर क्ष-किरणांनी तपासणी होई. एखाद्या घरात पोकळी राहिलेली दिसली, तर दाताचा डॉक्टर कीड कोरून दात भरतो त्याप्रमाणे ते घर कोरून पुन्हा भरले जाई. चंद्राला जाणाऱ्या यंत्राचा सर्वांत मोक्याचा भाग हा असा हातकामाचा होता.

नासाच्या नव्या ओरायन या चांद्रमोहिमांच्या यानालाही ॲव्हकोटच आहे, पण तो हाताने भरण्याऐवजी तयार ठोकळ्यांच्या रूपात बसवला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्मनुष्य पाठवलेले आर्टेमिस-१ मोहिमेतील ओरायन यान परत आले, तेव्हा त्याच्या कोळशाच्या थराचे तुकडे काही ठिकाणी अपेक्षेबाहेर उडालेले आढळले. आतले वायू बाहेर पडण्याइतका तो थर सच्छिद्र नव्हता, असे तपासात दिसून आले. माठ झिरपला नाही तर काय होते, त्याचे हे उदाहरण.

आम्ही संगम माहुलीला कृष्णेत चपटा दगड फेकतो, तो पाण्यावर टप्पे घेत जातो. यान चुकीच्या कोनातून आले तर तसेच हवेवर आपटून उडते, हे खरे का?
— इयत्ता आठवी, सातारा

चित्र सोपे आहे, म्हणून पुस्तकांतही असेच लिहितात. परंतु ते पुरते खरे नाही. दगडाला पाण्याचा पृष्ठभाग लागतो. हवेला असा पृष्ठभाग नाही, ती वर जाताना हळूहळू विरळ होत जाते. यान फार उथळ कोनातून आले, तर ते विरळ हवेतून आरपार निघून जाते. थोडा वेग घटतो, पण पृथ्वीवर उतरण्याइतका घटत नाही, आणि मग ते लांबचा फेरा मारून पुन्हा येते. तोपर्यंत सेवाकक्ष टाकून दिलेला असल्यामुळे आत थोडासा प्राणवायू आणि काही तास पुरेल एवढी बॅटरीची वीज इतकेच उरलेले असते. याउलट कोन फार तीव्र झाला, तर वेग एकदम तुटतो आणि माणसे स्वतःच्याच वजनाखाली चिरडतात. योग्य कोन सुमारे साडेसहा अंशांचा. त्यात एखादा अंश इकडेतिकडे, एवढीच सूट.

तुझ्या दगडाला फेकल्यानंतर दिशा बदलता येत नाही, यानाला मात्र येत होती. होडीत एका काठाला माणूस बसला, की होडी कलते. त्याचप्रमाणे आदेशकक्षाचा गुरुत्वमध्य मुद्दाम थोडा एका बाजूला ठेवलेला होता, त्यामुळे यान हवेत जरा तिरके राहून थोडी उचल मिळवत असे. पंख नसतानाही ही उचल मिळे. लहान झोतांनी यान स्वतःभोवती फिरवले, की उचलीची दिशा वर, खाली किंवा बाजूला वळे. अपोलो-११ परतत असताना ठरलेल्या जागी वादळी हवा होती, म्हणून उतरण्याची जागा सुमारे ४०० किलोमीटर पुढे सरकवण्यात आली, आणि यान त्या नव्या जागी जाऊन उतरले.

यानाच्या संगणकाची स्मृती विणलेली होती असे वाचले. ही केवळ उपमा आहे की खरोखर विणकाम?
— यंत्रमागधारक, विटा

खरोखर विणकाम, आणि आपण ते आमच्यापेक्षा लवकर समजाल. त्या काळी कायमची स्मृती टिकवण्यासाठी लहान चुंबकीय कड्या वापरत. तार कडीच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. अशा हजारो कड्यांमधून तारा नेऊन संगणकाचा संपूर्ण कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, दोरासारखा ओवला जाई. हे काम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया करीत. दोघी समोरासमोर बसून सुई एकमेकींकडे सरकवत, आणि कोणत्या कडीतून सुई घालायची ते यंत्र दाखवून देई. अशा रीतीने ३६,८६४ शब्दांची कायमची स्मृती तयार झाली; तिच्या जोडीला पुसता येणारी स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. कापड एकदा विणले, की नक्षी बदलता येत नाही. त्यामुळे उड्डाणाच्या कित्येक आठवडे आधी कार्यक्रम पक्का करावा लागे. पण विणलेले पुसलेही जात नाही, वीज गेली तरी नाही.

पुसता येणाऱ्या स्मृतीची मात्र एक गंमत घडली होती. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ परतीच्या वाटेवर असताना अंतराळवीर जिम लोव्हेल यांनी चुकून उड्डाणापूर्वीच्या तयारीचा कार्यक्रम सुरू केला. आपण अजून जमिनीवरच आहोत, असे संगणकाला वाटले आणि यानाच्या दिशेची नोंद बिघडली. मग लोव्हेल यांनी दुर्बिणीतून राजन्य आणि व्याध हे तारे हेरून दिशा पुन्हा बसवली. पुढे अपोलो-१३ मध्ये दिशा हाताने जुळवण्याची वेळ त्यांच्यावरच यायची होती.

आमच्या वॉर्डात ऑक्सिजन चालू असेल तेथे काडीही ओढू देत नाहीत. मग यानात शुद्ध ऑक्सिजन कसा भरत?
— परिचारिका, मिरज

आपल्या शंकेची फार मोठी किंमत अपोलो मोहिमेने मोजली आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडीच्या तळावर आदेशकक्षाची जमिनीवरील चाचणी सुरू होती. आत गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर शॅफी हे अंतराळवीर होते. कक्षात शुद्ध ऑक्सिजन भरला होता, आणि तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या अधिक दाबाने. कोठेतरी तारेशी ठिणगी पडली. एरवी सावकाश जळणारे नायलॉन आणि इतर साहित्य त्या वातावरणात भडकले आणि तिघांचाही मृत्यू झाला.

त्यांना बाहेर का पडता आले नाही, हे आपल्या स्वयंपाकघरातील कुकरवरून कळेल. आतून बसणारे झाकण असलेला कुकर शिट्टी होत असताना कितीही जोर लावला तरी उघडत नाही, कारण आतली वाफच झाकण दाबून धरते. अपोलोचे आतले दारही आतल्या बाजूला उघडणारे होते. आगीने आतला दाब वाढला आणि त्या दाबाने दार जागच्या जागी रोवले गेले. एरवीही ते उघडायला दीड मिनिट लागे. नंतर बाहेर उघडणारे, काही सेकंदांत उघडता येणारे एकसंध दार बसवण्यात आले, जळाऊ साहित्य काढण्यात आले, आणि जमिनीवर असताना कक्षात ६० टक्के ऑक्सिजन व ४० टक्के नायट्रोजन भरण्याचा नियम झाला.

अवकाशात मात्र शुद्ध ऑक्सिजनच राहिला, पण जमिनीवरील हवेच्या सुमारे एकतृतीयांश दाबाने. आपण रोज श्वासातून घेतो त्या हवेत ऑक्सिजनचा वाटा एकपंचमांशाहून किंचित अधिक असतो. म्हणजे फुप्फुसांना मिळणारा ऑक्सिजन गरजेपेक्षा थोडा जास्त, पण चाचणीच्या दिवशी होता तसा कित्येक पट नव्हे. कमी दाबामुळे भिंती हलक्या ठेवता येत आणि एकाच वायूची यंत्रणा सांभाळणे सोपे जाई.

अपोलो-१३ मध्ये चांद्रयानाने माणसे वाचवली, मग आदेशकक्षाचा उपयोग काय झाला?
— द्राक्षबागायतदार, तासगाव

१३ एप्रिल १९७० रोजी पृथ्वीपासून सुमारे ३.२ लाख किलोमीटरवर सेवाकक्षातील ऑक्सिजनची टाकी फुटली आणि आदेशकक्षाची वीज, पाणी, हवा हे सारेच आटत गेले. तिघांनी चांद्रयानात आसरा घेतला. परंतु चांद्रयानाला आच सोसणारे कवच नव्हते, त्यामुळे घरी येण्यासाठी आदेशकक्ष हवाच होता. म्हणून त्याच्या बॅटऱ्या वाचवण्यासाठी तो जवळजवळ चार दिवस पूर्ण बंद ठेवला गेला. आतले तापमान तीन-चार अंशांपर्यंत उतरले आणि यंत्रांच्या पाट्यांवर दव साचले. शेवटच्या काही तासांत तो पुन्हा जागा केला गेला आणि १७ एप्रिलला त्याच शंकूत बसून तिघे उतरले. मधल्या काळात कार्बन डायऑक्साइड शोषणारे आदेशकक्षातले चौकोनी डबे चांद्रयानातील गोल खाचेत बसेनात, तेव्हा पुठ्ठा, प्लास्टिक आणि चिकटपट्टी यांनी जोड तयार करावा लागला. एकाच मोहिमेच्या दोन यानांत एक डबा चौकोनी आणि दुसरा गोल असावा, याचे नवल मला अजून वाटते.

अपोलो-११ मध्ये दोघे चंद्रावर उतरले आणि मायकेल कॉलिन्स वर आदेशकक्षातच राहिले. ते नुसती वाट पाहत होते का?
— निवृत्त ग्रंथपाल, सांगली

वाट पाहायला त्यांना सवड नव्हती. सुमारे दोन तासांच्या प्रत्येक प्रदक्षिणेत पाऊण तासाहून अधिक काळ ते चंद्राच्या मागे असत, तेव्हा पृथ्वीशी बोलणे बंद. उरलेल्या वेळात इंधनघटांची देखभाल, दिशेची जुळवणी, आणि २८ पट मोठे दाखवणाऱ्या सेक्स्टंटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून, खाली उतरलेले चांद्रयान शोधणे चाले. ते त्यांना शेवटपर्यंत सापडले नाही. यानाची एकच बाजू सूर्याकडे राहून तापू नये, म्हणून जाता-येताच्या प्रवासात ते तासाला सुमारे तीन वेळा स्वतःभोवती फिरवत. कृष्णाकाठचे वांगे भरीतासाठी विस्तवावर फिरवत भाजतात, तसेच. फक्त येथे ते भाजू नये म्हणून फिरवायचे.

पुढील मोहिमांत या एकट्या माणसाचे काम आणखी वाढले. अपोलो-१५ पासून सेवाकक्षाच्या एका कप्प्यात नकाशे काढणारे कॅमेरे आणि मोजमापाची उपकरणे बसवली गेली. पण सेवाकक्ष तर जळून जाणार होता. मग त्यातील फिल्म परत कशी आणायची? ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या आदेशकक्षाचे चालक ॲल वॉर्डन पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक अंतरावर यानाबाहेर आले, सेवाकक्षाच्या कडेने गेले आणि फिल्मच्या डब्या घेऊन परतले. पृथ्वीपासून इतक्या दूर कोणी यानाबाहेर पडण्याची ही पहिली वेळ होती. परत येण्याचा अधिकार फक्त शंकूला, हा नियम फिल्मलाही लागू होता. त्याच मोहिमेत उतरताना सुमारे २५ मीटर व्यासाच्या तीन पॅराशूटपैकी एक मिटले, आणि यान उरलेल्या दोहोंवर सुखरूप उतरले.

आपल्या गगनयानाचा कक्ष अपोलोसारखाच दिसतो. नक्कल आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोरेगाव

नक्कल म्हणता येणार नाही. हवेचे नियम सर्वांना सारखेच असल्यामुळे चेहरा मिळताजुळता येतो. इस्रोने १८ डिसेंबर २०१४ रोजी निर्मनुष्य कक्ष वर पाठवून तो बंगालच्या उपसागरात उतरवला, आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी संकटकाळी कक्ष रॉकेटपासून सोडवण्याची चाचणी घेतली. तेव्हा नौदलाने तो समुद्रातून बाहेर काढला. गगनयान पृथ्वीजवळच्या कक्षेतून परतणार असल्याने त्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा थोडा कमी असेल. वेग अकराऐवजी आठ एवढाच फरक दिसतो; पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे, चंद्रावरून येणाऱ्या यानाला दर किलोमागे जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते.

अपोलो-११ चा आदेशकक्ष आता कोठे आहे? आत काय पाहायला मिळते?
— एक वाचक, फलटण

तो वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वायू व अवकाश संग्रहालयाचा ठेवा आहे. (अपोलो-१० चा कक्ष लंडनच्या विज्ञान संग्रहालयात, तर अपोलो-८ चा शिकागोत आहे.) आत कोणाला जाऊ देत नाहीत; मात्र २०१६ मध्ये त्याच्या आतल्या भागाचे त्रिमितीय चित्रण करण्यात आले, तेव्हा भिंतींवरील हाताने लिहिलेल्या नोंदी स्पष्ट झाल्या. कॉलिन्स यांनी यानाची स्तुती करून खाली सही केलेली आहे. कोठे घाईघाईने उतरवून घेतलेले आकडे आहेत. एका कपाटावर आत दुर्गंधीचा कचरा आहे, अशी सूचना आहे. आणि एके ठिकाणी पेनाने आखलेली लहानशी दिनदर्शिका आहे. तिच्यात मोहिमेचा एकेक दिवस सरल्यावर त्यावर फुली मारलेली आहे. उतरण्याच्या दिवसाचा चौकोन तेवढा कोरा राहिला आहे.